लाल पाण्याचा हापसा: पूर्व युगांडातल्या एका भेटीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पूर्व युगांडातल्या तेसो प्रदेशातलं, गुरं पाळणाऱ्या लोकांच्या शेजारच्या कारामोजा प्रदेशाच्या बाजूला असलेल्या एका गावातलं आहे. गावाचं, संस्थांचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही, आणि ओळख पटेल असे काही तपशीलही गाळले आहेत.

तेसो म्हणजे सपाट मुलूख. मधूनच ग्रॅनाइटचे उघडे खडक, आंब्याची मोठाली झाडं, आणि पावसात फुगून उन्हाळ्यात आक्रसणारी पाणथळं. या भागाने फार सोसलं आहे. कारामोजाकडून वर्षानुवर्षं होणाऱ्या गुरांच्या लुटी, २००३ मध्ये लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी या सशस्त्र बंडखोर गटाचा शिरकाव, त्यामुळे छावण्यांमध्ये गेलेली वर्षं, आणि लोक घरी परतत असतानाच आलेला २००७ चा पूर. परतलेल्या माणसांनी आपापल्या शेतात घरं बांधली. त्यामुळे गाव एका जागी नाही, विखुरलेलं आहे. पाण्याच्या सोयी बऱ्याचशा मदतीच्या पैशातून आल्या, आणि मदत देणारे पाहुणे येणं हा इथल्या लोकांच्या सवयीचा भाग झाला आहे.

कंपालातल्या काही मराठी कुटुंबांनी वर्गणी काढून या गावात एक बोअर घेऊन दिली होती. वर्गणीचा मोठा भाग पुण्यातल्या एका निवृत्त दांपत्याचा होता. काम एका स्थानिक संस्थेमार्फत झालं, संस्थेने ठेकेदार नेमला, हापसा बसला, फोटो आले. दोनेक वर्षांनी जानेवारीत, म्हणजे तिथल्या कोरड्या हंगामात, पुण्याचे काका-काकू मुलाकडे कंपालाला आले आणि सगळ्यांनी मिळून गावाला भेट द्यायचं ठरलं. बेत असा होता: दुपारपर्यंत गावात पोचायचं, स्वागत, भाषणं, काकूंच्या आईच्या नावाची पाटी बसवायची, जेवण, आणि संध्याकाळी म्बाले शहरात मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सिपीचे धबधबे. मी भूजलाच्या कामात असल्याने मला सोबत घेतलं होतं.

मराठी माणसाला या हापशाविषयी एक गोष्ट माहीत असायला हवी. युगांडात त्याला 'यू-टू' म्हणतात, पण मुळात तो इंडिया मार्क टू आहे आणि त्याचं मूळ आपल्याकडे आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला दुष्काळात खडक फोडून बोअर घेतल्या गेल्या, पण त्यांच्यावर बसवलेले ओतीव लोखंडाचे पंप गावच्या वापरात भराभर मोडत. जालना आणि सोलापूर इथे मिशनच्या कामातल्या लोकांनी पोलादी, साखळीने बोअरमधला दांडा ओढणारा दणकट पंप घडवला. सोलापूरच्या त्या पंपावरून युनिसेफ, भारत सरकार आणि मद्रासची रिचर्डसन अँड क्रुडास कंपनी यांनी दशकाच्या उत्तरार्धात मार्क टू तयार केला. तिथून तो आफ्रिकेत गेला. काकू सोलापूर जिल्ह्यातल्या. त्यांचं बालपण अशाच हापशावर घागरी भरण्यात गेलेलं, आणि पुढे या प्रकरणात ती आठवण कामी आली.

अडचण

आम्ही पोचलो तेव्हा सगळं उत्तम दिसत होतं. एलसी-वन चेअरमनने, म्हणजे गावाच्या परिषदेच्या प्रमुखाने, पाहुण्यांची वही पुढे केली, आम्ही सह्या केल्या. बायकांनी गाणी म्हटली. हापशाचं पाणी स्वच्छ होतं. एका मुलाने जेरीकॅन भरून दाखवला, टाळ्या झाल्या.

दोन गोष्टी मात्र जुळत नव्हत्या. हापशाच्या ओट्यावरून निघणारी सांडपाण्याची चर काठोकाठ भरलेली होती. आजूबाजूची जमीन भेगाळलेली असताना तिथे चिखल होता, म्हणजे त्या दिवशी भरपूर पाणी उपसून सोडून दिलेलं होतं. आणि हापशाकडे येणाऱ्या पायवाटेवर गवत आलं होतं. तीनशे माणसांसाठी आखलेल्या हापशाची वाट कोरड्या हंगामात गुळगुळीत तुडवलेली असते. इथे तशी एक वाट होती, पण ती खाली पाणथळाकडे जात होती.

मी संस्थेच्या कार्यकर्त्याला विचारलं. तो म्हणाला, सवयीने जातात काही बायका. गावाच्या पाणी समितीच्या माणसांना त्याच्यामार्फतच विचारलं, तर उत्तर आलं, "पाणी चांगलं आहे, आम्ही आभारी आहोत." कॅमेरा चालू होता, चेअरमन शेजारी उभे होते, पाटी कापडात गुंडाळून टेबलावर ठेवलेली होती. अशा वेळी दुसरं उत्तर येणार तरी कसं?

मग काकू उठल्या आणि हापशापाशी गेल्या. चपला काढून ओट्यावर चढल्या, दांडा धरला आणि हापसायला लागल्या. बायका हसायला लागल्या, कोणीतरी "तोतो, तोतो" (आई, आई) म्हणून ओरडलं. थोडं पाणी काढून काकू थांबल्या आणि मला म्हणाल्या, "यांना विचार, सकाळी पहिलं पाणी यायला किती हापसे मारावे लागतात? आमच्याकडे पाईपला भोक पडलं की निम्मा जीव त्यातच जायचा."

संस्थेचा कार्यकर्ता तेव्हा जेवणाची व्यवस्था बघायला गेला होता. प्रश्न शाळेतल्या शिक्षिकेने आतेसो भाषेत विचारला. बायकांचं हसू थांबलं. एक जण काहीतरी बोलली, दुसरीने तिला हाताने अडवलं, आणि मग समितीच्या खजिनदार बाईच बोलायला लागल्या. फार हापसे मारावे लागतात. आणि येतं ते पाणी लाल असतं. कपडे पिवळे पडतात, आताप, म्हणजे पिठाचा घट्ट उकडलेला गोळा, लालसर होते, घेवडा शिजता शिजत नाही, चहा काळा पडतो. आज पहाटेपासून पोरं लावून पाणी उपसून टाकलं, म्हणून पाहुण्यांना स्वच्छ दिसलं. रोज इतकं उपसत कोण बसणार? बायका पाणथळावर जातात.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण दात्यांपैकी काहींचा लगेच गैरसमज झाला. लोखंडाने लाल झालेलं पाणी प्यायल्याने सहसा आजार होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पाण्यातल्या लोहासाठी आरोग्याच्या कारणाने मर्यादा घातलेली नाही. लिटरला ०.३ मिलिग्रॅमच्या वर गेलं की चव आणि डाग जाणवतात, इतकंच. धोका दुसरीकडे आहे. लाल पाणी नको म्हणून बायका ज्या पाणथळातून नितळ दिसणारं पाणी आणतात, तिथेच गुरं उतरतात. डोळ्यांना वाईट दिसणारं सुरक्षित पाणी सोडून डोळ्यांना बरं दिसणारं असुरक्षित पाणी घरात येत होतं. गावाला बोअर मिळाली होती, तिचा उपयोग मात्र त्या घरांना नव्हता.

हे आधी कोणी का सांगितलं नाही? खजिनदार बाईंनी दिलेलं कारण सरळ होतं. शेजारच्या गावाने दुसऱ्या एका दात्याकडे तक्रार केली होती, आणि ते दाते पुन्हा आलेच नाहीत. या गावाला शाळेसाठी आणखी एक बोअर हवी होती.

पहिला निर्णय: थांबायचं की पुढे जायचं

जेवणानंतर गाड्यांपाशी चर्चा झाली. एका कुटुंबाचं म्हणणं होतं की कार्यक्रम ठरल्याप्रमाणे पार पाडावा, पाटी बसवावी आणि दुरुस्तीचं कंपालाला जाऊन बघावं. लोकांनी इतकी तयारी केली आहे, त्यांचा मान राहिला पाहिजे. हा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. बायकांनी बोकडाचं जेवण केलं होतं, कार्यक्रम मोडून निघून जाणं हा अपमान ठरला असता.

पण त्या दुपारी आमच्या हातात फक्त ऐकीव माहिती होती. पाणी लाल का होतं हे कळल्याशिवाय दुरुस्ती कशाची करायची? लोह खडकातून येत असेल तर उपाय एक, पाईप गंजत असेल तर दुसरा. फरक ओळखायची सोपी रीत आहे: हापसा रात्रभर बंद ठेवायचा, पहाटे पहिलं पाणी वेगळं धरायचं, मग सतत हापसत राहून ठरावीक वेळाने पाणी धरत जायचं. लाली टिकली तर लोह जमिनीतलं, उतरत गेली तर पाईपातलं.

निर्णय असा झाला: उरलेला कार्यक्रम होऊ द्यायचा, पाटी बसवायची नाही, सिपी रद्द करायचं, जवळच्या गावी मुक्काम करून पहाटे परत यायचं. पाटीचा निर्णय काकूंनी घेतला. "आईच्या नावाखाली लाल पाणी नको," एवढंच त्या म्हणाल्या. एक गाडी मात्र संध्याकाळी परत गेली.

पहाटेची चाचणी

पहाटे मोजकी माणसं होती: समितीच्या बायका, शिक्षिका, उपजिल्ह्याचा हापसा मिस्त्री, आणि आम्ही. काचेचे ग्लास शाळेतून आणले आणि ओट्याच्या कठड्यावर ओळीने मांडले. पाणी यायलाच बराच वेळ लागला. पहिला ग्लास विटकरी रंगाचा होता, तळाशी गंजाच्या खपल्या बसल्या. पुढच्या ग्लासात रंग उतरला, त्यापुढच्यात आणखी. तासाभराने धरलेला ग्लास जवळपास स्वच्छ होता. पीएच पट्टीचा रंग साडेसहाच्या खाली आला. इतक्या आम्ल पाण्यात पाईपावरचा जस्ताचा मुलामा टिकत नाही, मग आतलं लोखंड उघडं पडतं आणि गंजत जातं.

हे काही नवीन ज्ञान नाही. युगांडाच्या जल मंत्रालयाने याच कारणाने २०१६ मध्ये हातपंपांत जस्ताच्या मुलाम्याचे पाईप आणि त्यांच्यातून खाली जाणारे दांडे वापरणं बंद करायला सांगितलं होतं. आमची बोअर त्यानंतरची. तरीही ठेकेदाराने तेच पाईप घातले होते, आणि कामाच्या अंदाजपत्रकात ते तसे लिहिलेलेही होते. संस्थेने ते वाचून सोडून दिलं, आणि कंपालातून पैसे मंजूर करणाऱ्यांना त्या ओळीचा अर्थ कळला नव्हता.

दुसरा निर्णय: हापसा उपसायचा का

मिस्त्री म्हणाला, पाईप बाहेर काढून बघू. त्यात जोखीम होती. आटे गंजलेले असतील तर काढताना पाईप तुटून बोअरमध्ये पडतो, आणि मग आहे तेही पाणी जातं. न काढावं, तर कधीतरी तो आपोआप पडणारच. मी काढायच्या बाजूने होतो, पण हापसा गावाचा होता. शिक्षिकेने दोन्ही बाजू समितीला समजावून सांगितल्या. बायकांनी आपसात बराच वेळ बोलून होकार दिला, एका अटीवर: संध्याकाळपर्यंत हापसा चालू झाला पाहिजे.

तीन-तीन मीटरचे पाईप एकेक करून वर आले. वरचे बरे होते. खालच्या पाईपांचा मुलामा पार गेलेला, एकाला बोट जाईल एवढं भोक, आणि एका जोडाचे आटे इतके खाल्लेले की दोनच वेटोळ्यांवर सगळा भार लटकत होता. मिस्त्रीने तो जोड हातात घेऊन चेअरमनना दाखवला. त्याने हे आधी दोनदा सांगितलं होतं, वॉशर बदलायला आला तेव्हा. त्याचं ऐकून पुढे कळवणारं कोणी नव्हतं.

पर्याय

पुढे काय, यावर चर्चा आंब्याखाली झाली आणि नंतर कंपालाला बरेच दिवस चालली.

तेच पाईप नवे घालणं हा सगळ्यात स्वस्त मार्ग होता. तेसोतल्या सोरोटी शहरात, दुकानात ते सहज मिळतात. पण दोनेक वर्षांनी हेच पुन्हा झालं असतं.

लोह काढायची वाळूची गाळणी बसवावी असं एका तरुण दात्याने सुचवलं. लोह खडकातून येत असतं तर मीही तेच म्हटलं असतं. इथे ती गाळणी म्हणजे गळकं छप्पर न शाकारता खाली बादली ठेवण्यासारखं झालं असतं, शिवाय दर आठवड्याला वाळू धुवायचं काम पुन्हा बायकांच्याच गळ्यात.

काकांचा कल सौर पंप, टाकी आणि नळ यांकडे होता. ते अभियंता होते आणि त्यांनी आकडेमोडही केली. मला हा पर्याय आवडतो, पण इथे बोअरचं पाणी दिवसभर किती टिकतं याची नीट चाचणीच झालेली नव्हती, आणि पॅनेल बिघडल्यावर येणारा माणूस जवळपास नव्हता. हापशाला निदान मिस्त्री होता.

उरले प्लास्टिकचे पाईप आणि स्टेनलेस स्टीलचे पाईप. प्लास्टिकचे स्वस्त आणि हलके, पण त्यांच्यासाठी आतली रचना बदलावी लागते आणि या मिस्त्रीला त्या जोडांचा सराव नव्हता. स्टेनलेसचे महाग, पण आहे त्याच हापशात, त्याच अवजारांनी बसतात. एक भीती होती: बाजारात स्टेनलेस म्हणून हलका मालही विकला जातो. म्हणून खरेदी जिल्हा जल अधिकाऱ्याच्या सल्ल्याने करायचं ठरलं.

कृती

त्या दिवशी संध्याकाळच्या आत मिस्त्रीने बरे पाईप आणि आणलेले दोन-तीन नवे पाईप जोडून हापसा चालू करून दिला. पाणी सकाळी लालच येणार होतं, पण पाईप पडायची भीती गेली. मधल्या काळात पाणथळाचं पाणी वापरणाऱ्या घरांसाठी आरोग्य केंद्रातून क्लोरीनच्या गोळ्या मिळवल्या.

पैशावरून वाद झाला. आमच्यातल्या काहींना वाटत होतं की गावाने निम्मा खर्च उचलावा, नाहीतर आपलेपणा वाटणार नाही. काकांनी हे साफ नाकारलं. चुकीचा माल आपण दिला, त्याचा दंड गावाने का भरायचा? त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटलं. पाईप आणि दांडे दात्यांनी घ्यायचे ठरले. मिस्त्रीची मजुरी मात्र समिती देईल, हे खजिनदार बाईंनी स्वतःहून सांगितलं. कारण त्यांनी दिलं ते असं: मिस्त्रीला पैसे आम्ही दिले तर तो आम्हाला उत्तर देईल, तुम्ही दिले तर तुम्हाला. घरटी महिन्याला १००० शिलिंगची वर्गणी पाणी लाल झाल्यापासून थकली होती, ती पुन्हा सुरू करायचं त्यांनी बैठकीत मांडलं.

ठेकेदाराच्या हमीची मुदत उलटली होती. कोर्टाच्या मागे न लागता जिल्हा जल कार्यालयाला लेखी अहवाल द्यायचा, भोक पडलेल्या पाईपाचे फोटो जोडायचे, आणि संस्थेकडून त्याच ठेकेदाराने केलेल्या इतर बोअरची यादी मागायची, असं ठरलं. संस्था आधी नाराज झाली. आपल्या कार्यकर्त्याला खोटं पाडलं असं त्यांना वाटलं. कार्यकर्ताही अडचणीत होता हे आम्ही मान्य केलं: दाते खूश राहिले तर त्याची नोकरी टिकते. त्यानंतर यादी मिळाली.

निष्पत्ती

पावसाळा लागायच्या सुमारास स्टेनलेसचे पाईप आणि दांडे बसले. शिक्षिकेने पहाटेच्या पहिल्या पाण्याचा ग्लास फोनवर दाखवला, तो स्वच्छ होता. ओट्यावर आता रंगाने बोअरची खोली, पाईपाचा प्रकार, बसवल्याचा महिना आणि मिस्त्रीचा फोन नंबर लिहिला आहे. पाटीही बसली, बऱ्याच नंतर, कोणताही समारंभ न करता.

सगळीच घरं परतली नाहीत. पाणथळाच्या बाजूची काही घरं अजून तिकडेच जातात, विशेषतः पावसात, कारण ते जवळ पडतं. वर्गणी बहुतेक जण देतात, सगळे नाही. सिपी हुकल्यामुळे नाराज झालेलं एक कुटुंब गटातून बाहेर पडलं. शाळेची दुसरी बोअर अजून झालेली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट पैसे देतानाची. पंप निवडण्याआधी पाण्याचा पीएच मोजायला फारसा खर्च येत नाही, आणि अंदाजपत्रकातली पाईपाची ओळ जिल्हा जल अधिकाऱ्याला एकदा दाखवली असती तरी तिथेच थांबली असती. दात्यांपैकी कोणालाही तांत्रिक ज्ञान असण्याची गरज नव्हती.

दुसरी भेटीची. दोन वर्षांत एकही माणूस समारंभाशिवाय गावात गेला नव्हता. गटाने आता नियम केला आहे की बोअर झाल्यावर सहा महिन्यांनी दोघांनी जायचं, आधी मिस्त्रीला भेटायचं, मग सकाळी लवकर हापशावर जायचं, आणि चेअरमनच्या वहीत सही मागाहून करायची असेल तर तसं त्यांना अगोदर कळवायचं, म्हणजे त्यांचा मान दुखावत नाही. दुभाषी काम करणाऱ्या संस्थेचा नसावा. आमच्या बाबतीत शिक्षिका केवळ योगायोगाने पुढे आली, आणि तिच्याऐवजी तो कार्यकर्ता तिथे असता तर काकूंचा प्रश्न बायकांपर्यंत त्याच रूपात पोचला असता याची खात्री देता येत नाही.

तिसरी गोष्ट अजून सुटलेली नाही: तक्रार केली की दाते जातात, ही भीती. गटाने समितीला लिहून दिलं आहे की बिघाड कळवल्यामुळे शाळेच्या बोअरचा विचार मागे पडणार नाही. खजिनदार बाईंनी तो कागद घेतला, पण दुसरी बोअर होईपर्यंत त्यांचा त्यावर विश्वास बसेल असं मला वाटत नाही, आणि बसावा अशी अपेक्षाही नाही. म्हणून ती बोअर लवकर व्हावी यासाठी मी मागे लागलो आहे. त्याच ठेकेदाराच्या यादीतल्या काही हापशांचे पाईप जिल्हा कार्यालयाने काढून पाहिले, तिथेही तोच गंज निघाला. बाकीचे पुढच्या कोरड्या हंगामात काढायचे आहेत.